वर्षात चौथ्यांदा युरिन इन्फेक्शन, आता तर पाणी प्यायचीच भीती वाटते

घोडबंदर_रोजची

नमस्कार. चारचौघांत बोलायचा विषय नाही म्हणून इथे लिहितेय. वय ३६, राहायला घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीत. वर्षभरात हे चौथं युरिन इन्फेक्शन. पहिलं गणपतीत झालं, मग डिसेंबरात, मग होळीच्या आसपास आणि आता परवापासून पुन्हा तेच, दर दहा मिनिटांनी जावंसं वाटतं आणि जाऊन बसलं की चार थेंब, आणि ते चार थेंब असे जळजळत येतात की नळाला धरून बसावं लागतं.

पहिल्या वेळी फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दहा गोळ्या दिल्या होत्या, तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या चार डब्यात ठेवल्या. डिसेंबरात त्या चार खाल्ल्या. होळीला मेडिकलवाल्याला जुनी स्ट्रिप दाखवली, त्याने काही न विचारता अजून दिल्या. आता तीच गोळी दोन दिवस घेतेय पण ढिम्म फरक नाही. सोबत ते गुलाबी सिरप चालूच आहे, त्याने तासभर बरं वाटतं.

दिनक्रमही सांगून टाकते. पावणेआठला घर सोडते, आधी बस मग ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल. बस कापूरबावडीला अडकली की अडकली, तिथे लघवी लागली तर सांगणार कोणाला, म्हणून सकाळी चहाशिवाय काही पीतच नाही. ऑफिसचं टॉयलेट चकाचक आहे पण कॉलमागून कॉल असतात, "हा संपला की जाते" म्हणता म्हणता दोन वाजतात. एक लिटरची स्टीलची बाटली नेते आणि संध्याकाळी ती अर्धी भरलेली परत आणते, उरलेलं पाणी मनीप्लांटला घालते. मनीप्लांट ग्रिलच्या बाहेर गेलाय.

सासूबाईंचं म्हणणं बाहेरची टॉयलेटं वापरतेस म्हणून होतं. नवरा विचारतो मला पण होईल का. मला एवढंच सांगा की गायनॅककडे जाऊ की युरोलॉजिस्टकडे, ते क्रॅनबेरीचा ज्यूस, गोळ्या वगैरे खरं असतं का, आणि हे परत परत होऊ नये म्हणून नक्की काय करायचं. खूप वैतागलेय.

कोपरखैरणे_किरण

बाकी सगळं नंतर, आधी हे सांग, ताप आहे का? हुडहुडी भरतेय का, पाठीत एका बाजूला बरगड्यांच्या खाली दुखतंय का, उलट्या? यातलं काहीही असेल तर इथे वाचत बसू नकोस, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ. माझ्या बहिणीचं असंच "होईल बरं" म्हणता म्हणता किडनीपर्यंत चढलं, चार दिवस सलाईनवर होती. आणि प्रेग्नंट असण्याची शक्यता असेल तरी लगेच दाखव, तेव्हा हे अंगावर काढायचं नसतं.

घोडबंदर_रोजची

नाही ताप नाही, पाठ पण ठीक आहे. ओटीपोटात जडपणा आणि जळजळ बस. प्रेग्नंट नाही.

टेस्टट्यूब_वाशी

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं काढली आहेत, डॉक्टर नाही, पण तुमच्यासारख्या बाटल्या रोज हातात येतात म्हणून बोलतो. तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये एक शब्द कुठेच नाही, कल्चर. चार वेळा इन्फेक्शन आणि एकदाही कल्चर नाही म्हणजे चारही वेळा अंधारात दगड मारलाय.

रूटीन युरिनमध्ये फक्त पस सेल्स (पुवाच्या पेशी) किती ते कळतं, जंतू कुठला आणि त्याला कुठली गोळी लागू पडते हे कल्चर सेन्सिटिव्हिटीतच कळतं. शंभरातल्या पंचाहत्तर-ऐंशी बायकांमध्ये ई. कोलाय निघतो, आपल्याच आतड्यात राहणारा. म्हणून सासूबाईंना सांगा की तो टॉयलेटच्या सीटवरून उडी मारून येत नाही, घरातलाच आहे. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषाची साधारण २०, त्यामुळे त्याला वर चढायला तुमच्याकडे अंतरच कमी. मिस्टरांनाही सांगा की हा सर्दीसारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यांनी गोळ्या घ्यायची गरज नाही.

आता सॅम्पल. अर्धे लोक इथेच घोळ घालतात आणि मग रिपोर्टमध्ये "मिक्स्ड ग्रोथ" (म्हणजे बाहेरचे सरमिसळ जंतू) आलं की लॅबला शिव्या. लॅबमधूनच स्टराइल डबी घ्यायची, घरातली जॅमची बाटली कितीही उकळली तरी चालत नाही (लोक आणतात, एकदा तर लोणच्याची आली होती, मसाल्यासकट). साध्या पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडायची. झाकणाला आतून बोट लावायचं नाही. आणि तासाभरात लॅबला पोचवायचं, ट्रॅफिकमुळे जमणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवायची. उन्हात गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेलं सॅम्पल म्हणजे त्यात जंतूंची जत्राच भरते, मग रिपोर्टमधल्या एक लाख कॉलनी (म्हणजे जंतूंची मोजणी) कोणाच्या आणि कधीच्या ते देवाला ठाऊक.

सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्यायचं असतं. तुम्ही दोन दिवस गोळी घेतलीच आहे, तर डॉक्टरांना ते सांगून मग द्या, लपवू नका. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात गोळ्यांच्या नावांपुढे एस आणि आर असेल, एस म्हणजे ती गोळी लागू पडते, आर म्हणजे ती गोळी तुमच्या जंतूला चॉकलेट. तुमची डब्यातली गोळी आर निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही, अशा नेहमीच्या गोळ्यांना आपल्याकडचे ई. कोलाय फारसे दाद देत नाहीत हे रोज बघतो.

गुलाबी सिरप म्हणजे सायट्रेट, लघवीची आम्लता मारतं म्हणून जळजळ कमी वाटते, जंतू मरत नाही. आणि एखादी गोळी आम्ल लघवीतच जास्त चालते, म्हणून सिरप घेताय हे पण डॉक्टरांना सांगा.

नौपाड्याची_मावशी

अगं बाई, आमच्या वेळी याला उन्हाळी लागली म्हणायचे आणि आई धन्याचं पाणी करून द्यायची, डॉक्टरकडे वगैरे कोणी जात नव्हतं. मी ६३ ची आहे, पाळी जाऊन बारा वर्षं झाली, आणि पाळी गेल्यावर मला हे जे मागे लागलं ते दर दीड-दोन महिन्यांनी हजर. तीन वर्षं मी नुसत्या अँटिबायोटिकवर काढली, तोंडाची चव गेली, पोट बिघडलं, लेकीकडे जायचं तर आधी तिच्या बिल्डिंगजवळ मेडिकल आहे का ते विचारायचे.

मग एका लेडी डॉक्टरने तपासून सांगितलं की मावशी, तुमच्याकडे पाणी कमी-जास्तचा प्रश्न नाही, हॉर्मोन कमी झालंय त्यामुळे आतली त्वचा कोरडी पातळ पडलीय आणि तिथले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, ते निघून गेलेत, म्हणून वाईटांना मोकळं रान. त्यांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, आतून लावायचं, आधी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. मला वाटलं होतं हॉर्मोन म्हणजे कॅन्सर, मी महिनाभर ट्यूब कपाटात ठेवली होती! परत गेले तर डॉक्टर रागावल्या नाहीत, नीट समजावलं की हे लावायचं औषध आहे, रक्तात अगदी थोडं जातं, पण ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. लेकीने मला नेटवर दाखवलं की १९९३ साली यावर मोठा अभ्यास झाला होता, क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन आणि नुसतं साधं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. मला गुण यायला तीनेक महिने लागले, पण आता दीड वर्षात एकदाच झालंय.

तुझं वय ३६, तुला हे क्रीम लागणार नाही, पण इथे माझ्या वयाच्या कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिलं. आणि हो, दर महिन्याला हौसेने लघवी तपासत बसू नका. मला त्रास काही नव्हता पण रिपोर्टमध्ये जंतू होते, आमच्या जुन्या डॉक्टरांनी त्याच्यावरही गोळ्या दिल्या, नव्या डॉक्टर म्हणाल्या त्रास नसेल तर त्याला हात लावायचा नसतो, गरोदर बाई असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन असेल तरच.

निसर्गोपचार_नेरूळ

अँटिबायोटिक बंद करा सगळ्या. गोखरूचा काढा, जवाचं पाणी, धने-जिरे रात्री भिजवून सकाळी. २१ दिवसांत मुळापासून जातं. माझ्याकडे अनेकांना फरक आहे.

टेस्टट्यूब_वाशी

दादा, धने-जिऱ्याचं पाणी प्या की, कोण नाही म्हणतंय, निदान पाणी तरी पोटात जाईल. पण इन्फेक्शन चालू असताना गोळी बंद करा असं अनोळखी बाईला सांगू नका. वर किरणताईंच्या बहिणीचं वाचा.

ऐरोली_शिफ्टवाली

मी पण त्याच पट्ट्यात काम करते आणि मला सेम प्रॉब्लेम होता म्हणून सविस्तर लिहिते. मी युरोलॉजिस्टकडे गेले होते, पण तुला आधी फॅमिली डॉक्टर किंवा गायनॅक पण चालेल. त्यांनी सांगितलं की सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन झाली की त्याला रिकरंट म्हणतात, मग नुसत्या गोळ्या न देता कारण शोधायचं. म्हणजे तू त्यात बसतेस. माझी शुगर बघितली, सोनोग्राफी केली आणि त्यात लघवी करून आल्यावर लघवीच्या पिशवीत किती उरते ते पण बघितलं.

आता जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं ते. मी ऑफिसात आणि मॉलमध्ये सीटवर बसायचेच नाही, घाण वाटते म्हणून अधांतरी, मांड्या ताठ करून, अर्धवट उभी. डॉक्टर हसून म्हणाले की अशा अवस्थेत खालचे स्नायू सैल सोडताच येत नाहीत, मग पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि उरलेल्यात जंतू वाढतात. तेव्हापासून सरळ टिश्यू घालते आणि नीट बसते, घाई न करता, झालं असं वाटलं तरी अजून दहा सेकंद थांबते. आणि जेट स्प्रे. आपल्याकडे सगळीकडे तो मागून पुढे मारायची सवय असते, म्हणजे मागची सगळी घाण पुढे. धार पुढून मागे गेली पाहिजे, पुसतानाही तसंच. लहानपणी आईने शिकवलेलं असतं पण जेट हातात आल्यावर आपण विसरलो.

पाण्याचं सांगते. २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, १४० बायका, सगळ्यांना वारंवार इन्फेक्शन व्हायचं आणि सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी प्यायच्या (म्हणजे आपणच). अर्ध्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा झालं आणि बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे फुकटात जवळजवळ निम्मं. पण ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी विचारून, उगाच ढोसायचं नाही.

ट्रॅफिकचं गणित मी असं बसवलंय. सकाळी उठल्या उठल्या सहाला दोन ग्लास पिते, ते निघेपर्यंत दोनदा जाऊन निघून जातं. प्रवासात घोटभरच. ऑफिसला पोचल्यावर आधी टॉयलेट मग लॉगिन. दहा ते चार बाटली दोनदा संपवायची, चारनंतर हात आखडता, आणि साडेपाचला निघताना लागली नसली तरी जाऊन यायचं. मीटिंगमध्ये मी आता सरळ "दोन मिनिटं ब्रेक" असं चॅटवर टाकते, सुरुवातीला लाज वाटली, मग बघितलं की मी टाकलं की अजून तिघी उठतात. रस्त्यात खूपच लागली तर पेट्रोल पंपावर टॉयलेट असतं, किल्ली मागायला लाजायचं नाही. मुंबईत बायकांनी २०११ पासून राइट टू पी (लघवीला जायचा हक्क) म्हणून चळवळ चालवली ती याच्याचसाठी, ज्यांना हा विषय चेष्टेचा वाटतो त्यांनी एकदा दीड तास बसमध्ये दाबून धरून दाखवावी.

अजून एक, इथे कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. संबंधांनंतर होतंय का ते तारखा लावून बघ. माझं तसंच होतं. नंतर लगेच लघवीला जाऊन यायचं, त्याचा पुरावा फार पक्का नाही असं डॉक्टरच म्हणाले पण तोटा काही नाही. शुक्राणू मारणारी क्रीम किंवा तशी कोटिंगवाली कंडोम वापरत असाल तर बदला, त्याने नक्की वाढतं. आणि ते सुगंधी इंटिमेट वॉश बंद, बाहेरून साधं पाणी पुरे.

घोडबंदर_रोजची

बापरे अधांतरी बसणं!! मी पंधरा वर्षं तेच करतेय. आणि क्रॅनबेरी? मैत्रीण डी-मॅनोज नावाच्या एका साखरेची पावडर पण घेते, फार महाग आहे.

ऐरोली_शिफ्टवाली

पावडरीवर पैसे घालवू नकोस. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये ५९८ बायकांना सहा महिने देऊन बघितली, साध्या साखरेच्या पावडरीपेक्षा फार काही फरक पडला नाही. क्रॅनबेरीचं तसं नाही, २०२३ मध्ये ५० अभ्यास एकत्र करून बघितले त्यात वारंवार होणाऱ्या बायकांमध्ये साधारण पाव हिश्शाने कमी झालं. पण ते होऊ नये म्हणून, झालेलं बरं करत नाही. आणि दुकानातला लाल ज्यूस म्हणजे साखरेचा पाक असतो, घ्यायचंच तर गोळ्या. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर विचारून. मी तीन महिने घेतल्या, मग पाण्यानेच जमायला लागलं म्हणून सोडल्या.

सीवूड्स_बाबांचा_मुलगा

पुरुष आहे, लिहू का नको विचार करत होतो. माझे बाबा ७०, त्यांना सहा महिन्यांत दोनदा झालं आणि आम्ही पण "पाणी प्या पाणी प्या" करत बसलो. पुरुषाला झालं तर ते साधं धरायचंच नाही असं नंतर कळलं. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पण पिशवीत १८० मिली शिल्लक, प्रोस्टेटने वाट अडवलेली. आम्ही पाणी पाजतोय आणि ते तुंबतंय! प्रोस्टेटची गोळी सुरू झाल्यावर थांबलं. शिवाय त्यांच्या डायबेटिसच्या गोळ्यांत एक लघवीतून साखर बाहेर टाकणारी होती, त्याने खाज यायची, ते इन्फेक्शन नव्हतं, फंगस होतं, त्याचं औषध वेगळं. म्हणजे जळजळ झाली की प्रत्येक वेळी तेच असेल असं नाही.

कोपरखैरणे_किरण

@घोडबंदर_रोजची काय झालं मग? चार दिवस गायब.

घोडबंदर_रोजची

आले आले. दुसऱ्याच दिवशी गायनॅककडे गेले. डब्यातली स्ट्रिप दाखवली तर त्यांनी ती टेबलावरच ठेवून घेतली, परत दिलीच नाही. कल्चर झालं, डबी फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवली होती म्हणून सासूबाईंनी दही टाकून दिलं. रिपोर्ट आज आला, ई. कोलाय, लाखाच्या वर, आणि माझी लाडकी गोळी आर. टेस्टट्यूबदादा, तुमच्या तोंडात साखर पडो, चांगल्या अर्थाने.

नायट्रोफ्युरॅन्टोइन नावाची अँटिबायोटिक दिलीय पाच दिवस, जेवणाबरोबर, आणि पाचही दिवस पूर्ण करायची असं तीनदा बजावलं. गुलाबी सिरप बंद केलं. काल लघवी एकदम गडद पिवळी-तपकिरी झाली, मी घाबरून रात्री दहाला डॉक्टरांना मेसेज केला तर त्या गोळीने तसंच होतं म्हणे. जळजळ परवापासून नाही. शुगर नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, पिशवीत पण उरत नाही, म्हणजे माझं सगळं त्या बाटलीवरच येऊन थांबतंय असं दिसतंय. पुन्हा झालं तर आधी सॅम्पल, मग गोळी, आणि तरीही होत राहिलं तर मेथेनामाइन नावाचं एक औषध आहे ते बघू म्हणाल्या, अँटिबायोटिक नाही पण रोज घ्यायचं, २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये २४० बायकांवर बघितलंय आणि रोजच्या छोट्या अँटिबायोटिक डोसच्या तोडीस तोड निघालं असं सांगितलं.

आज बाटली दोनदा संपली. कॉलवर "दोन मिनिटं" टाइप केलं, मॅनेजरने थम्सअप टाकला आणि स्वतःच उठून गेला. मनीप्लांटला आता वेगळं पाणी घालावं लागणार.

मावशी, तुमच्या आईच्या पाण्यात धने अख्खे भिजवायचे की कुटून? आणि जिरं घालायचं का?

नौपाड्याची_मावशी

कुटून, जाडसर. चमचाभर एका तांब्यात, रात्री झाकून ठेव, सकाळी गाळून घे. जिरं घाल हवं तर, चव येते. गोळ्या मात्र पाच दिवस पुऱ्या कर हं, डब्यात ठेवू नकोस.